तरस कुठे गेलं ते सांगा

चार भोकं. पाटी काढल्यावर भिंतीत राहिलेली स्क्रूची चार भोकं, आणि त्यांच्यामध्ये मळक्या भिंतीवर उठून दिसणारा एक उजळ चौकोन. अकरा वर्षं आमच्या प्राणीसंग्रहालयातल्या ज्या पिंजऱ्यासमोर मी थांबत आले, तिथे आता एवढंच उरलंय. आत गवत गुडघाभर वाढलंय, पाण्याची कुंडी कोरडी पडलीय आणि दाराला नवीन कुलूप आहे. तरस नाही.

भाचीला मुद्दाम तेच दाखवायला नेलं होतं. उजवा कान मधोमध चिरलेला, पाठ मागे उतरती, दुपारी कधीही जा, मागच्या भिंतीच्या सावलीत पाय पसरून पडलेलं. सगळे वाघाकडे धावायचे आणि तरसाकडे कुणी बघायचं नाही, म्हणून मी थांबायचे. भाचीने विचारलं, "मावशी, ते कुठे गेलं?" मला उत्तर देता आलं नाही, तेव्हाच डोकं तापायला लागलं होतं.

शेजारच्या पिंजऱ्यात पाइपने पाणी मारत असलेल्या माणसाला विचारलं, "दादा, इथलं तरस?"

"हलवलं, ताई."

"कुठे?"

"ते ऑफिसात विचारा."

ऑफिसात विचारलं. खिडकीतून उत्तर आलं, "अशी माहिती देता येत नाही." मी म्हटलं, निदान जिवंत आहे की नाही एवढं तरी सांगा. खिडकीमागच्या माणसाने खांदे उडवले आणि माझ्या मागच्याला पुढे बोलावलं. त्या माणसावर माझा राग नाही, त्याला बहुतेक खरंच माहीत नसेल. राग आहे तो त्याला माहीत नसलेलं चालतं यावर.

कारण 'माहिती नाही' हे साफ खोटं आहे. नीट चालणाऱ्या कुठल्याही प्राणीसंग्रहालयात प्रत्येक मोठ्या प्राण्याची नोंद असते. जन्म कधी, आईबाप कोण, कुठून आला, कधी आजारी पडला, कुठे पाठवला, कधी मेला. जगभरातली हजाराहून जास्त प्राणीसंग्रहालयं आणि मत्स्यालयं स्पीशीज360 नावाच्या संस्थेच्या सामाईक प्रणालीत हे सगळं भरतात. वंशावळीच्या वह्या तर त्याहून जुन्या आहेत. युरोपातल्या रानगव्याची, म्हणजे तिकडच्या बायसनची, वंशावळ 1932 मध्ये छापली गेली. आज जिवंत असलेले ते सगळे गवे अवघ्या बारा जनावरांपासून वाढलेत, आणि हे आपण ठामपणे सांगू शकतो ते कुणीतरी चिकाटीने लिहून ठेवलं म्हणून. मंगोलियातल्या प्शेवाल्स्की घोड्यांची वंशावळ प्रागचं प्राणीसंग्रहालय 1959 पासून सांभाळतंय. एकेक शिंगरू नंबरासकट. मग माझं तरस कुठे गेलं हे कुठल्याच कागदावर नसेल, असं मला कुणी सांगू नये. कागद आहे. तो भिंतीवर लावायचा नाही, एवढंच ठरलंय.

आणि कृपा करून "तुम्हाला बदल नको असतात" हे मला ऐकवू नका. बदल हवेत. मी लहान असताना इथे अस्वलाला गजांच्या खोलीत ठेवलं होतं. सिमेंटची जमीन, मधोमध पाणी जायचं भोक. दारापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून दारापर्यंत, वळताना मान दर वेळी त्याच जागी त्याच बाजूला झटकायची. तेव्हा आम्हाला वाटायचं ते नाचतंय. आता आठवलं की पोटात कालवतं. ती खोली पाडली त्याचा मला आनंदच आहे.

गज काढून खंदक खणायची कल्पनाही काही नवीन नाही. कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणीव्यापाऱ्याने हॅम्बुर्गजवळ 1907 मध्ये ते करून दाखवलं. पुढे हाइनी हेडिगर हा स्विस संचालक आयुष्यभर सांगत राहिला की जागा किती आहे यापेक्षा त्या जागेत काय आहे हे महत्त्वाचं, कारण प्राण्याला झोपायची, लपायची, अंग घासायची ठरलेली ठिकाणं लागतात. ऑक्सफर्डच्या दोन संशोधिकांनी 2003 मध्ये दाखवून दिलं की रानात लांबवर भटकणारे मांसाहारी प्राणीच बंदिवासात सगळ्यात जास्त येरझाऱ्या घालतात. ध्रुवीय अस्वलाला मिळणारा पिंजरा त्याच्या रानातल्या लहानात लहान टापूच्या साधारण दहा लाखावा भाग भरतो. दहा लाखावा भाग! हे कळल्यावर एखादा प्राणी ठेवायचाच नाही असं ठरवलं, तर मी पहिली टाळ्या वाजवीन.

पण मग तसं सांगा ना. लंडनच्या प्राणीसंग्रहालयात 1831 पासून हत्ती होते. 2001 मध्ये तिथले हत्ती शहराबाहेर व्हिप्सनेडच्या मोकळ्या जागेत हलवले, आणि ते उघडपणे हलवले. कुठे गेले हे कुणालाही कळू शकलं. तिथलंच पेंग्विनचं तळं घ्या. 1934 मध्ये वास्तुकार लुबेटकिनच्या मंडळींनी बांधलेलं, एकमेकांभोवती वळत उतरणारे पांढरे काँक्रीटचे दोन उतार. वास्तुकलेचे विद्यार्थी अजून त्याचे फोटो काढतात. त्या काँक्रीटवर चालून पेंग्विनांच्या पायांना संसर्ग व्हायला लागला आणि 2004 मध्ये त्यांना तिथून काढलं. तळं संरक्षित वास्तू म्हणून उभं आहे, रिकामं. ते रिकामं का आहे हे जगाला माहीत आहे. आमचं चुकलं, हे माणसांना सुंदर दिसत होतं आणि पक्ष्यांना बोचत होतं, हे सांगण्यात काय कमीपणा आहे? उलट अशा रिकाम्या जागेसमोर उभं राहून पोर जे शिकेल ते चार वाघ बघून शिकणार नाही.

आमच्याकडे रिकाम्या जागेवर काय लागतं? "काम चालू आहे." साळिंदराच्या पिंजऱ्यावर ती पाटी मी सहा वर्षं बघतेय. पाटीचा रंग उडाला, काम दिसलं नाही. पाणमांजरांच्या कुंडाजवळ आता प्लॅस्टिकचे पंख लावलेला सेल्फी पॉइंट आहे. कुंड कोरडं. दोन पाणमांजरं होती तिथे, एक पोटावर दगड घेऊन तासन् तास खेळायचं. त्यांचंही कुणी काही सांगितलं नाही. पंखांच्या पाटीवर मात्र फोटो कुठे उभं राहून काढायचा याच्या सूचना आहेत, बाणासकट.

बरं, नवीन जे बांधलंय ते तरी बघा. बिबट्यासमोर मोठी काच आली. लोक खूश. मी काचेच्या डाव्या कोपऱ्यात गेले, जिथून आतली बाजू थोडी दिसते. समोरून डोंगर वाटणारा खडक मागून पोकळ आहे, जाळीवर थापलेलं सिमेंट. झाड म्हणून जे आहे तेही सिमेंटचं, त्यावर साल रंगवलेली. बिबट्याला नखं कशावर घासायची? नख मारलेल्या जागी रंग खरवडून आतलं करडं सिमेंट दिसतंय, तीन समांतर ओरखडे. आणि मागे रात्रीच्या खोल्या? त्या जुन्याच. तेच लोखंडी दार, तीच रुंदी, मी शाळेत असताना होती ती. बिबट्या संध्याकाळपासून सकाळपर्यंत तिथे असतो. म्हणजे दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ. पैसा गेला तो आपल्याला दिसणाऱ्या बाजूवर.

सिअॅटलच्या वुडलँड पार्क या अमेरिकेतल्या प्राणीसंग्रहालयात 1970 च्या दशकाच्या शेवटी गोरिलांसाठी नवीन आवार केलं तेव्हा खरी झाडंझुडपं लावली आणि गोरिला दिसेलच याची हमी माणसांना दिली नाही. प्राण्याला लपता आलं पाहिजे, हे तिथे गृहीत धरलं. आमच्या काचेसमोर बिबट्या जरा मागे जाऊन बसला की लोक काचेवर चापट मारतात. मूठ आपटतात. बापलोक पोराला खांद्यावर घेऊन त्याच्याकडून आपटून घेतात! मी एकाला टोकलं तर म्हणे, तिकीट काढलंय. तिकीट आत यायचं काढलंय, त्या जनावराला उठवायचं नाही. तिथे एक रखवालदार उभा करायला काय जातं? तेवढ्या काचेच्या किमतीत काही वर्षांचा पगार निघाला असता.

नोंद न ठेवण्याचं, न सांगण्याचं काय होतं ते एकदा नीट ऐका. जगातला बंदिवासातला शेवटचा थायलासिन, म्हणजे टास्मानियन वाघ म्हणतात तो ऑस्ट्रेलियाकडचा पट्टेरी प्राणी, 7 सप्टेंबर 1936 ला होबार्टच्या प्राणीसंग्रहालयात मेला. शेवटचा. त्याचं शरीर म्युझियमकडे गेलं आणि तिथे त्याची नोंदच धड झाली नाही. ती म्हातारी मादी होती, फासा लावून पकडलेली, आणि तसं पकडणं बेकायदा होतं म्हणून तिच्या विक्रीचाही गाजावाजा नव्हता. तिचं कातडं शाळांना दाखवायला गावोगाव फिरवलं गेलं आणि ते कुणाचं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. अवशेष हरवले असं सगळे धरून चालले होते. 2022 च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं की ते त्याच म्युझियमच्या कपाटात होते. शहाऐंशी वर्षं! एक अख्खी जात संपली आणि तिचं शेवटचं जनावर कपाटात, नावाशिवाय.

माझं तरस काही जगातलं शेवटचं नाही, कळतंय मला. पण अकरा वर्षं ते रोज लोकांसमोर होतं. शाळांच्या सहली त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्याच्या नावाने माहितीची पाटी होती, काय खातं, किती जगतं. त्याला उत्तम जागी पाठवलं असेल तर दोन ओळी लिहा, आम्हाला बरं वाटेल. म्हातारं होऊन गेलं असेल तर तेही लिहा, तारीख लिहा, मुलं समजून घेतात. पिंजरा लहान होता म्हणून तरस ठेवणं बंद केलं असेल तर मोठ्या अक्षरात लिहा. एक कागद, एक लॅमिनेशन, त्याच चार भोकांत चार स्क्रू.

भाचीने परतताना पुन्हा विचारलं. मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत. ती म्हणाली, "मग आपण परत विचारू."

सोमवारी फोन केला. संबंधित माणूस जागेवर नाही. मंगळवारी केला, लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला, पोच घेतली. त्यात फक्त तरस नाही लिहिलं. दोन पाणमांजरं लिहिली आणि सहा वर्षांपासून न दिसलेलं साळिंदरही लिहिलं. उद्या परत फोन करणार आहे.