एकहाती, कमी पळालेली

जुनी गाडी घ्यायला निघालं की पहिला साक्षात्कार होतो तो हा, की जगात जुनी गाडी कुणी विकतच नाही. सगळे 'जवळजवळ नवी' विकतात. ती एकहाती असते, कमी पळालेली असते, आणि मालकाचा तिच्यावर इतका जीव असतो की तो ती का विकतोय हे त्यालाही सांगता येत नाही. "उभीच असते हो, म्हणून काढतोय." या उभ्या गाडीचं ब्रेकचं पेडल मात्र झिजून गुळगुळीत झालेलं असतं. उभ्या उभ्या ब्रेक मारत असावेत.

गिऱ्हाइकालाही सोंग वठवावं लागतंच. टायरला लाथ मारायची, बॉनेट उघडायला लावायचं, आत पाहून "हं" म्हणायचं. लाथेने टायरचं काय कळतं हे मारणाराही सांगू शकत नाही. वास्तविक टायर स्वतःच बोलतो. त्याच्या कडेला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चार टायरांवर चार वेगवेगळी सालं निघाली की 'कमी पळालेली'चं पुराण आपोआप आटोपतं. पण वाकून आकडे वाचण्यात लाथेचा रुबाब नाही.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर शोधनिबंधच लिहिलाय, १९७० साली. गाडीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा कुठल्याही गाडीला मधलीच किंमत सांगतो, चांगल्या गाडीचा मालक तेवढ्यात द्यायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतो तो गाळ. हा निबंध आधी काही नियतकालिकांनी परत धाडला होता, क्षुल्लक म्हणून सुद्धा. पुढे २००१ साली अकरलॉफना नोबेल मिळालं. क्षुल्लक म्हणणाऱ्याने कधी जुनी गाडी घेतली नसणार.

माझ्या दिमतीला मेव्हणा होता. त्याने याविषयीचे इतके व्हिडिओ पाहिलेत की त्याला गाडी चालवता येत नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तो खिशात चुंबक घेऊन फिरायचा. पत्र्याला चुंबक चिकटतं, पुट्टी भरली असेल तिथे चिकटत नाही, हे तत्त्व अगदी बरोबर. एका गाडीवरून चुंबक गळून पडताच तो गरजला, "दाजी, ठोकलेली आहे ही!" मालक शांतपणे म्हणाला, "साहेब, बंपर प्लास्टिकचा असतो."

शेवटी एका मेकॅनिकला सोबत घेतलं. हा माणूस बोलायचाच नाही. एका चकचकीत गाडीपाशी गेल्यावर त्याने आधी बॉनेटवर तळहात ठेवला.

"गाडी कुठून आणली का आत्ता?"

"नाही, सकाळपासून इथेच आहे."

"मग गरम कशी?"

थंड इंजिन सुरू होताना कुरकुरतं, खडखडतं, निळा धूर टाकून आपण ऑइल जाळतोय हे कबूल करतं. आम्ही पोचायच्या आत ते तापवून ठेवलं की सगळं गोड. मेकॅनिक काहीच न बोलता आत बसला आणि सीटबेल्ट ओढू लागला. ओढत गेला, ओढत गेला, आपण कधीच ओढत नाही तिथपर्यंत. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर आडवी मातकट रेघ होती.

"पोरांचे चिखलाचे हात लागले असतील," मालक म्हणाला.

"पोरं गुंडाळीच्या आत शिरली होती काय?"

गाडी पुरात उभी राहिली होती. 'उभीच असते' तेवढं खरं निघालं म्हणायचं.

आणि मग तो मालक भेटला. क्लच बदलावा लागेल, म्हणाला. डावं दार रंगवलंय, म्हणाला. सर्व्हिसची बिलं तारखेवार फाइलमध्ये लावलेली, आणि इंजिन ओढ्यातल्या दगडासारखं गार. आम्ही हादरलोच. इतकं खरं बोलतोय म्हणजे पाणी नक्कीच मुरतंय! मेव्हणा त्याच्याभोवती असा फिरला की जणू चुंबक आता त्यालाच लावून पाहणार. मेकॅनिकने गाडी थंडच सुरू केली, सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरचे हात क्षणभर सैल सोडले, ब्रेक दाबून पाहिला, ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ साय नाही ना ते पाहिलं, आणि तोंडातून एकच शब्द काढला, "घ्या."

क्लचचा खर्च किमतीतून वजा करून व्यवहार ठरला. निघताना मालक धावत आला. "एक राहिलंच. मागची डावी काच खाली जाते, पण वर येत नाही. बटण दाबू नका."

मेव्हणा माझ्या कानाशी कुजबुजला, "दाजी, अशी कशी वर येत नाही?" आणि त्याने बटण दाबलं.

माणूस खरंच बोलत होता. घरी पोचेपर्यंत पाऊस मागच्या डाव्या सीटवर पडत होता. तिथे मेव्हण्यालाच बसवलं होतं.