गुडघ्याचं ग्रीस आणि मामांची पुडी

‘गुडघ्यात ग्रीस मोजकंच असतं, पळाल तर लवकर संपेल.’ लाल-पिवळ्या अक्षरांतला हा फॉरवर्ड दोन महिन्यांत मला तीन ग्रुपवर आला आणि तिन्ही वेळा मी तो सोडून दिला. चौथ्यांदा पाठवणारे परभणीचे मामा निघाले. खाली त्यांचा आवाज: ‘पोरीचं पळणं बंद केलंय बघ. गुडघे गेल्यावर काय करायचं?’ मामेबहीण पोलीस भरतीची तयारी करते, तिला ८०० मीटर पळायचंय. आणि सांगणारा माणूस तरुणपणी कबड्डीत चढाया करणारा! मग मात्र राहवलं नाही.

आधी ते ग्रीस. सांध्यातलं वंगण काही एकदाच भरून मिळत नाही, सांध्याचं अस्तर ते आयुष्यभर बनवत असतं. निरोगी गुडघ्यात असतं चमचाभराहूनही कमी. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला, म्हणजे त्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, उचललं की त्याच द्रवातून आपलं पोषण ओढून घेते. म्हणजे पळणं बंद करून मामा ज्या कूर्चेला जपायला निघालेत, तिचीच उपासमार!

‘पळणाऱ्यांचे गुडघे हमखास जातात’ म्हणणाऱ्यांसाठी आकडे देते. लाखाहून जास्त लोकांच्या नोंदी एकत्र करून केलेला एक आढावा २०१७ साली क्रीडा-फिजिओथेरपीच्या नावाजलेल्या अमेरिकी नियतकालिकात आला. हौसेने पळणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याची झीज ३.५ टक्के, अजिबात न पळणाऱ्यांत १०.२ टक्के. आता खरं ते सांगते: स्पर्धेतल्या पट्टीच्या धावपटूंमध्ये हाच आकडा १३.३ टक्के होता. शिवाय ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते पळतच नसतील, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. पण सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारणारी पोरगी काही ऑलिम्पिकला निघालेली नाही. भरती तोंडावर आली म्हणून एकदम दुप्पट पळू नये आणि मांड्यांचे व्यायाम चुकवू नयेत, एवढं मामांनी सांगितलं असतं तर मी गप्प बसले असते.

गुडघा कटकट वाजतो म्हणजे ग्रीस संपलं? दुखत नसेल, सुजत नसेल, अडकत नसेल तर खुशाल वाजू द्या. दही-टोमॅटो बंद करा, असंही त्या फॉरवर्डमध्ये आहे; त्याला तर कारणच नाही. गाऊट, म्हणजे युरिक अॅसिडनं सांधे सुजण्याचा आजार, असेल तर मटण-कलेजी आणि बिअर आवरा, दही बिचारं त्यात कुठंच नाही.

माझं खरं भांडण फॉरवर्डच्या शेवटच्या ओळीशी आहे. ‘बाभळीच्या शेंगांचं चूर्ण, २१ दिवसांत ग्रीस परत, साइड इफेक्ट शून्य. पुडीसाठी फोन करा.’ मामांनी केला, स्वतःच्या गुडघ्यांसाठी. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा ती पुडी पाहिली. वर्तमानपत्राच्या कागदात प्लास्टिकची पिशवी, आत करडी भुकटी. नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. ‘तिसऱ्या दिवशी जिना चढलो बघ! कसं मोकळं मोकळं वाटायलंय!’ म्हणाले. मामी हळूच म्हणाल्या, ‘तोंड बघ की त्यांचं.’ गाल गोल झालेले, भूक सुटलेली, आणि कधी नव्हती ती साखर वाढलेली.

शेंगेशी माझं वैर नाही, आमच्याकडे शेळ्या त्या आवडीने खातात. पण शेंगेनं कुणी तिसऱ्या दिवशी जिना चढत नाही. तसा गुण स्टिरॉइडचा असतो, आणि ते गोल गाल, ती भूक, ती साखर हीही त्याचीच खूण. २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सांधेदुखीच्या एका ‘नैसर्गिक’ म्हणवणाऱ्या गोळीबद्दल इशारा दिला होता. तिच्यात लेबलवर नसलेलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक निघालं. तिला निदान लेबल तरी होतं!

मामांना डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टरांनाही तोच संशय आला. मला वाटलं, आधी ती पुडी फेकायला लावतील, पण ते म्हणाले, मनानं एकदम थांबू नका. स्टिरॉइड बरेच दिवस पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो, माणूस दवाखान्यात जाऊ शकतो. उतरवायचं ते त्यांच्या देखरेखीखाली, पायरी-पायरीनं. तुमच्या घरात कुणी असलं चूर्ण घेत असेल तर पुडी सोबत घेऊनच डॉक्टरकडे जा.

परतताना फॉरवर्डवरच्या नंबरला मी फोन लावला. चूर्णात काय काय आहे, एवढंच विचारलं.

‘ताई, किती पुड्या पाठवू?’