पेवातला माल

गेल्या शनिवारी, १७ जानेवारीला, टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात माझ्या सासऱ्यांनी माईक हातात घेऊन दीडशे माणसांना सांगितले, की आमचे जावईबापू वर्षातले सात महिने मॅच बघतात आणि उरलेले पाच महिने मॅच नसल्याचे बघतात. सभागृह हसले. तीन वर्षांपूर्वी माझ्या एकपात्री प्रयोगात जे गृहस्थ पहिल्या रांगेत बसून घोरले होते, ते डोळे पुसू लागले. पत्नी हसली त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही, कारण ती माहेरच्या बाजूने आहे. पण माझी तेरा वर्षांची मुलगी, जी त्या वेळी परकर-पोलक्यावर ब्लू जेज या आमच्या बेसबॉल संघाची निळी टोपी घालून बसली होती, तीही हसली. या मंडळींना अकरा वर्षांत मी एकदाही एवढे हसवू शकलो नव्हतो, हे दुःख त्याहून वेगळे.

ते वाक्य खोटे असते, तर मी केव्हाच विसरलो असतो.

ज्यांचा बेसबॉलशी संबंध नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९९३ नंतर प्रथमच आमचा टोरांटोचा संघ, म्हणजे ब्लू जेज, वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सात सामन्यांच्या अंतिम लढतीत, पोचला होता. १ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री, आमच्याच मैदानावर, सातव्या सामन्याच्या नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये आम्ही ४-३ असे पुढे होतो आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचे आणखी दोन गडी बाद झाले की विजेतेपद आमचे होते. तेवढ्यात त्यांच्या मिगेल रोहासने होमरन मारून, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडून, बरोबरी केली, सामना लांबून अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथने दुसरा मारला आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर आम्ही ५-४ असे हरलो. १९८६ साली शारजात चेतन शर्माचा शेवटचा चेंडू प्रेक्षकांत गेल्यावर माझ्या वडिलांनी जसा एक शब्दही न बोलता टीव्ही बंद करून वर क्रोशाचे आच्छादन घातले होते, तसाच मी टीव्ही बंद केला. आच्छादन आमच्याकडे नव्हते, एवढाच फरक.

शहाणा माणूस यानंतर मार्चअखेरपर्यंत बेसबॉलचे नाव काढत नाही. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून फोन हातात घेऊन ऑफसीझनला बसलो. या काळात खेळ होत नाही, पण खेळाडूंची खरेदी-विक्री आणि अदलाबदल होते, आणि त्याहून कितीतरी पटींनी अफवा होतात. कोणत्या खेळाडूने कोणत्या शहरात जेवण घेतले, कोणाच्या बायकोने कोणाचा फोटो पसंत केला, यावरून कराराचे अंदाज बांधले जातात आणि माझ्यासारखी पदवीधर माणसे ते पहाटे तीनला उठून वाचतात.

नोव्हेंबरच्या मध्यावर अण्णा आले. अण्णा म्हणजे सासरे. सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे त्यांनी हळदीची अडत चालवली आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर गाळा मुलाच्या हवाली केला. तिकीट स्वस्त मिळाले म्हणून ते नेमके थंडीत आले आणि बाहेर पाय टाकता येत नाही म्हटल्यावर त्यांनी आपले सगळे लक्ष माझ्याकडे वळवले.

“काय बघताय ओ एवढं?” एका रात्री जेवताना त्यांनी विचारले.

“सौदे,” मी म्हणालो. हा शब्द मी वापरायला नको होता.

अण्णांनी भाकरी खाली ठेवली. त्या रात्रीपासून माझ्या ऑफसीझनवर माझा हक्क राहिला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या संघाने डिलन सीज नावाच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, सात वर्षांसाठी २१ कोटी डॉलर देण्याचे ठरवले, तेव्हा मी स्वयंपाकघरात अक्षरशः उडी मारली, पण अण्णांनी फक्त “दात बघितलं का?” असे विचारले. बैल घेताना दात मोजतात, तशी खेळाडूचीही वैद्यकीय तपासणी होते आणि तोपर्यंत करार पक्का धरत नाहीत, हे मी त्यांना सांगितले. मग ओघाने कार्लोस कोरेयाचीही गोष्ट सांगितली. त्याला २०२२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोने १३ वर्षांसाठी ३५ कोटी डॉलर कबूल केले आणि घोट्याची जुनी दुखापत पाहून हात आखडता घेतला; मग न्यूयॉर्क मेट्सने १२ वर्षांसाठी ३१.५ कोटी कबूल केले आणि त्यांनीही तोच घोटा पाहिला; शेवटी तो सहा वर्षांसाठी २० कोटींवर आपल्या जुन्याच मिनेसोटाच्या संघात परतला. ही गोष्ट अण्णांना इतकी आवडली, की त्यांनी सांगलीला मुलाला फोन लावून ती पुन्हा सांगितली आणि ‘दावणीचा बैल दावणीलाच आला’ असा तिचा शेवटही केला.

त्यानंतर रोज रात्री शिकवणी सुरू झाली. कोण कोणाला शिकवत होते, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. खेळाडूंच्या अदलाबदलीत ‘नंतर नाव सांगायचा खेळाडू’ असा एक प्रकार असतो. एक संघ आपला खेळाडू आज देतो आणि त्याच्या बदल्यात कोण मिळणार, हे सहा महिन्यांच्या आत ठरवायचे असते. हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प राहिले.

“म्हंजे माल आज उचलायचा, आणि बदल्यात काय द्यायचं ते सहा म्हयन्यांनी सांगायचं?”

“हो.”

“लेखी?”

“लेखी.”

“आमच्या यार्डात असा येक जण हुता,” अण्णा म्हणाले. “आता त्याचा पत्त्या न्हाई.”

ओहतानीच्या कराराने मात्र त्यांनी हात टेकले. शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूने २०२३ च्या डिसेंबरात डॉजर्सशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला आणि त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, तेही बिनव्याजी, घ्यायचे कबूल केले. अण्णांनी किराण्याच्या पावतीमागे पेन्सिलीने काहीतरी मांडले, खोडले, पुन्हा मांडले आणि डोळे मिटून म्हणाले, “उधारी अशी पायजे.” आयुष्यभर दिवाळीच्या तोंडावर उधारीसाठी ज्यांनी तासगाव ते मिरज चकरा मारल्या, त्यांच्या तोंडून हे वाक्य यावे, याचा मला राग आला. कारण त्याच ओहतानीसाठी मी स्वतःची जी शोभा करून घेतली होती, ती विनोदाचा विषय नाही असे माझे ठाम मत होते, आणि त्याच भावुक क्षणी मी ती अण्णांना सांगून बसलो.

८ डिसेंबर २०२३ ला शुक्रवार होता. ओहतानी टोरांटोला येत असल्याची बातमी फुटली होती. कॅलिफोर्नियातल्या सांता ॲनाहून एक खासगी विमान टोरांटोकडे निघाले होते आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्याचे इवलेसे चित्र सरकताना हजारो माणसे पाहत होती. आमच्याच संघातल्या किकुची या जपानी पिचरने मैदानाजवळचे सुशीचे एक अख्खे हॉटेल त्या रात्रीसाठी राखून ठेवले आहे, अशीही एक अफवा होती. दाढ दुखते असे ऑफिसात सांगून मी गाडी काढली आणि पिअर्सन विमानतळाच्या कुंपणापाशी हीटर लावून बसलो. विमान उतरले. आतून रॉबर्ट हर्जावेक नावाचे, टीव्हीवर दिसणारे एक कॅनडियन उद्योगपती कुटुंबासह उतरले. ओहतानी त्या वेळी कॅलिफोर्नियातच होता आणि दुसऱ्या दिवशी त्याने डॉजर्सचे नाव जाहीर केले. माझी दाढ त्या आठवड्यात खरोखरच दुखू लागली, हे मी अण्णांना सांगितले नाही.

अण्णांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजे दुसऱ्याच्या वरातीत नाचलात.”

इथवर मी सहन केले. खरा घोळ जानेवारीत झाला. या मोसमातला सर्वांत मोठा फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळा झालेला खेळाडू, काइल टकर जानेवारी उजाडला तरी कोणाचा झाला नव्हता आणि आमचा स्वतःचा बो बिशेटही मोकळाच होता. अण्णांच्या मते हा सगळा पेवातला माल होता. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवे असत. तिथे माल ठेवून व्यापारी तेजीची वाट पाहत बसत. “घाई त्याला न्हाई, घाई तुमाला हाय, म्हणून भाव त्याचा,” असे अण्णा रोज चहाच्या वेळी सांगत. टकरच्या शर्यतीत टोरांटो पुढे असल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि मी पुन्हा पहाटे तीनला उठू लागलो. अण्णांनी ते पाहिले, पण दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून घेतले.

“आमी काय करायचो, की सांगलीतला खरेदीदार भाव चढवंना झाला की त्याच्या कानावर घालायचो, इरोडच्या व्यापाऱ्याचा फोन आलाय म्हणून. इरोडचा व्यापारी कदी येतबी हुता, न्हाई असं न्हाई. पर बहुतेक वक्ताला त्यो नुसता फोनवरच असायचा.” मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “जावईबापू, तुमची टोरांटो म्हंजे इरोड हाय.”

ओहतानीच्या वेळी आम्ही इरोड होतो. त्याच्या पुढच्या वर्षी हुआन सोटोच्या वेळीही आम्ही इरोडच होतो आणि तो मेट्सकडे गेला. गुरुवारी, १५ जानेवारीच्या रात्री, टकरने चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलर घेऊन डॉजर्सला होकार दिला. लागोपाठ दोन वर्षे जे जगज्जेते आहेत, ज्यांनी अडीच महिन्यांपूर्वी आमच्याच अंगणातून करंडक उचलून नेला, त्यांच्याकडेच तो गेला. बेसबॉलमध्ये पगाराला कमाल मर्यादा नाही; कर तेवढा आहे, आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो कर भरतो आणि माल उचलतो. याला स्पर्धा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. उरलेल्या संघांच्या चाहत्यांनी पाच महिने आशा करायची, आणि ती आशा दुसऱ्याच्या सौद्यात भाव चढवायला वापरली जायची. त्याबद्दल कोणी आम्हाला अडत देत नाही.

शुक्रवारी बिशेट मेट्सकडे गेला. तीन वर्षे, १२.६ कोटी. सातव्या सामन्यात तिसऱ्या इनिंगमध्ये ओहतानीच्या चेंडूवर तीन धावांचा होमरन मारणारा तो हाच बिशेट. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, आमच्या संघाने त्याला निवडले तेव्हा तो शाळेतून नुकता बाहेर पडलेला पोरगा होता, आणि माझ्या मुलीच्या पहिल्या जर्सीवर त्याचे नाव आहे. मी जेवलो नाही. थोड्याशा पैशांसाठी माणूस घर सोडतो, निष्ठा नावाची गोष्टच राहिली नाही, असे मी बराच वेळ बोलत होतो.

“पुण्याची कंपनी सोडून तुमी हिकडं आलात,” अण्णा वरणात तूप घालत म्हणाले, “तवा त्या कंपनीनं काय पेढं वाटलं हुतं?”

पत्नी ताटावरून उठून पाणी आणायला गेली. पाण्याचा तांब्या टेबलावरच होता.

आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा शनिवार. पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत, अशी सूत्रसंचालिकेने विनंती केली आणि अण्णा उठले. मॅच नसल्याचे बघणारा जावई, विमानतळाच्या कुंपणापाशी बसलेला जावई, इरोडचा व्यापारी, सगळे आले. त्यांनी खांद्यावरचे उपरणे हातावर टाकून, गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे दाबून भाव कसा ठरतो, तेही दाखवले, आणि त्यासाठी समोरून एका माणसाला बोलावले. तो माणूस म्हणजे मघाचे घोरणारे गृहस्थ. शेवटी “तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि जावईबापूंना यंदा एक बरा बॅट्समन मिळूं द्या” असे म्हणून ते बसले. टाळ्या मोजण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो, पण बराच वेळ वाजत होत्या. बेसबॉलमध्ये बॅट्समन नसतो, बॅटर असतो, हे मी शेजारच्याला सांगितले. त्याने मला तिळाची वडी दिली.

त्या दिवसापासून मी फोनवरच्या सगळ्या सूचना बंद केल्या. ऑफसीझनशी आपले देणेघेणे नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पिचर आणि कॅचर फ्लॉरिडात डनेडिनला सरावासाठी जमतील तेव्हा पाहू, असे मी घरात जाहीर केले. चार दिवस पाळलेही. आज सकाळी खाली आलो तर अण्णा आणि माझी मुलगी स्वयंपाकघरात टेबलाशी डोक्याला डोके लावून बसले होते. माझी चाहूल लागताच मुलीने अण्णांचा फोन पालथा केला.

“आलाय म्हणं एक माल,” अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. “काल रात्री.”

मी काही विचारणार नव्हतो. मी फ्रीज उघडला, दूध काढले, पुन्हा आत ठेवले.

“कोण?”

अण्णांनी चहा संपवला, बशी पुसली, कपाखाली नीट ठेवली आणि आंघोळीला जायला उठले.

“नाव नंतर सांगतो,” ते म्हणाले. “सहा म्हयनं हायत की.”