प्रतिक्रियेला उत्तर: 60 मिली संपवूनही बाळ रडतं तेव्हा

ताई, तुमचा राग पोचला. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की डब्याचं दूध बाळाच्या वजनाचा अंदाज घेऊन पाजावं आणि पावडर-पाण्याचं प्रमाण डब्यावर दिलंय त्यात कणभरही फरक करू नये. त्यावर तुम्ही लिहिता की नात सहा दिवसांची आहे, 2.8 किलोची आहे, 60 मिली संपवते आणि तरी गळा काढून रडते. मग तुम्ही एक चमचा पावडर जास्त घालता, तेव्हा कुठे ती तीन-चार तास झोपते. आणि माझ्यासारख्या सिस्टर लोकांच्या मोजमापापायी पोरं उपाशी राहतात, असंही तुम्ही म्हणता.

भुकेल्या बाळाला दूध नाकारायचं नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण तो जास्तीचा चमचा आजपासून बंद करा. बाळाला दूध जास्त देता येतं, दाट देता येत नाही. या उत्तरातलं एवढंच जरी घरात पाळलंत तरी चालेल.

आधी हिशोब बघू. पूर्ण दिवसांच्या, ठणठणीत बाळाला पहिल्या दिवशी अगदी थोडं लागतं. मग रोज वाढत वाढत आठवड्याच्या सुमाराला ते किलोमागे दिवसाला 150 मिलीवर येतं. काही बाळं 200पर्यंतही जातात. तुमच्या नातीचे 150ने 420 मिली होतात. चोवीस तासांत आठ वेळा पाजलंत तर एका वेळेचे साधारण 50-55. म्हणजे 60 मिली पिणारी पोर उपाशी नाही. पण हा आकडा सबंध दिवसाचा आहे, प्रत्येक वेळेवर लादायचा नाही. सकाळी ती 40वर तोंड फिरवेल, संध्याकाळी 80 मागेल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक-दोन दिवस तिला अशी भूक लागेल की तुम्ही घाबराल, आणि आपोआप निवळेल. डब्यावरचा तक्ता सरासरीचा असतो, तुमच्या नातीला बघून कोणी तो छापलेला नाही.

आता ते रडणं. बाटली उलटी करून बघा. दूध थेंब थेंब पडायला हवं. धार लागत असेल तर निपल फार मोकळं आहे. तोंडात आलेलं दूध बाळ गिळतंच, त्याला थांबता येत नाही. पाच मिनिटांत 60 मिली आत जातं, पोट भरल्याचं शरीराला कळायच्या आत बाटली रिकामी, वर हवा गिळलेली. मग ते कळवळून रडतं आणि आपल्याला वाटतं, अजून हवंय. म्हणून तिला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी ठेवा, दर थोड्या घोटांनी काढून घ्या. एका वेळेला पंधरा-वीस मिनिटं लागू द्यात. त्या वेळात तिच्या हातांकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला मुठी घट्ट आवळून छातीशी धरलेल्या असतात. पोट भरत आलं की बोटं एकेक करून सुटतात, कोपर सैल पडतं, ओठांच्या कडेनं दूध ओघळू लागतं. तिथे थांबायचं. बाटलीत 10 मिली उरलंय म्हणून ते तोंडात कोंबायचं नाही.

आणि 60 संपवूनही रडली तर? खांद्यावर घ्या, ढेकर काढा, पाच-दहा मिनिटं थोपटा, लंगोट बघा. तरीही ती तोंड वळवून शोधत असेल, मूठ चोखत असेल, तर खुशाल आणखी 30 मिली करून द्या. 30 मिलीच, त्याच प्रमाणात.

दाट दुधानं ती जास्त वेळ झोपते हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, आणि म्हणूनच ते पटलंय. पण इतक्या लहान जिवाच्या मूत्रपिंडांना दाट दुधातलं मीठ आणि प्रथिनांचा टाकाऊ भाग बाहेर टाकायला जास्त पाणी लागतं, आणि तेच आपण कमी केलेलं असतं. अंगातलं पाणी कमी होतं, सोडियम वाढतं, शी घट्ट होते. बाळाला तहान लागते, ते रडतं, आपण पुन्हा दाट दूध पाजतो. इंदूरच्या मे महिन्यात हे फार लवकर हाताबाहेर जातं. पाणी कमी झालेलं बाळ मलूल होऊन पडून राहतं, आणि आजीला वाटतं, चला, शांत झोपली. वर वेगळं पाणी पाजून भरपाई करू म्हणाल तर तेही नको. सहा महिने वरचं पाणी, मध, घुट्टी काहीही नाही.

याच्या उलटही घरोघरी होतं. 400 ग्रॅमचा डबा तुमच्या नातीच्या वयाला जेमतेम आठवडा पुरतो. मग तो पुरवण्यासाठी दूध पातळ केलं जातं, त्यानं वजन खुंटतं, सोडियम घसरून झटकेही येऊ शकतात.

कृती एकदा नीट लिहिते, कारण चूक बहुतेक वेळा इथेच होते. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. आधी पावडर टाकून रेघेपर्यंत पाणी भरलं की दूध आपोआप दाट होतं. बऱ्याच डब्यांवर 30 मिलीला एक चमचा असतो, तरी आपल्या डब्यावरचं वाचा. चमचा त्याच डब्यातला हवा, दाबून न भरता वरून सुरीच्या पाठीनं सपाट केलेला. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरा. पावडर निर्जंतुक नसते आणि पाणी किमान 70 अंश गरम असलं तरच तिच्यातले जंतू मरतात. त्यामुळे नर्मदेचं नळाचं असो की आरओचं, उकळलेलंच पाणी घ्या. मग बाटली गार पाण्याखाली धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. उरलेलं, उष्टं दूध टाकून द्यायचं. जीव तुटतो, तरी टाकायचं. बाटली नीट उकळणं जमत नसेल तर वाटी-चमचा उत्तम. घरात जुनं चांदीचं बोंडलं असेल तर तेही उकळून वापरा.

तुमच्या लेकीचं सिझर झालंय असं लिहिलंत, म्हणजे पान्हा उशिरा फुटणं साहजिक आहे. दर वेळी आधी तिच्या अंगावर पाजा, मग वरचं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येईल. दाट दुधानं नात चार-चार तास झोपली तर आईचं दूध मागायला कोणी उरत नाही, हा तोटा तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. आणि तिच्या देखत "हिला दूधच नाही" असं म्हणू नका, एवढी विनंती.

पोट भरतंय की नाही हे लंगोट सांगतात. या वयात दिवसाला सहा तरी ओले हवेत, लघवी फिकट. पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. टाळू खोल गेली, लघवी गडद किंवा विटकरी दिसली, दुधासाठी उठवूनही उठेना, श्वास भराभर चालला, अंग तापलं, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका. जवळचे बालरोगतज्ज्ञ गाठा, रात्र असेल तर सरळ इंदूरच्या एमवाय रुग्णालयात न्या.

ही सगळी लक्षणं नसली तरी इतके दिवस दाट दूध पोटात गेलंय, म्हणून उद्या तिला डॉक्टरांकडे न्या, जास्तीच्या चमच्याचंही सांगा आणि उघडी करून वजन करून घ्या. मग तो आकडा, चोवीस तासांतल्या दुधाची बेरीज आणि ओले लंगोट किती, हे तिन्ही मला इथेच लिहा. तीन तासांनी पाजता की मागेल तेव्हा, तेही लिहा. मी बघते.