'कणावर कोट्यवधी, जेलीवर पीएचडी' या फॉरवर्डला माझं उत्तर

सध्या ठाणे, ऐरोली, खारघर सगळीकडच्या सोसायटी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. थोडक्यात असा: शास्त्रज्ञ जमिनीखाली २७ किलोमीटरचा बोगदा खणून एक कण शोधत बसले, सामान्य माणसाला त्याचा उपयोग शून्य. भारत त्यात नुसते पैसे भरतो. तिथे कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाणार. दुसरीकडे रोबोट बनवून आपल्या पोरांच्या नोकऱ्या घालवतात, तिसरीकडे जेली आणि चिकट पदार्थांवर पीएचडी करतात. हे सगळं बंद करा, तो पैसा नालेसफाईला आणि हॉस्पिटलला द्या, आणि आपल्या मुलांना या फंदात पाडू नका.

आमच्या ग्रुपवर ज्या काकांनी हा टाकला ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, सोसायटीच्या प्रत्येक कामात पुढे असतात, म्हणून काका, राग मानू नका, पण मी रबाळे एमआयडीसीत ऑटोमेशनचं काम करतो आणि यातलं बरंचसं चुकीचं आहे हे मला स्पष्ट दिसतंय तर गप्प बसणं मला जमणार नाही. एकेक मुद्दा घेतो.

कणाचा उपयोग शून्य, इथून सुरू करू. त्या बोगद्यात सापडलेल्या कणाबद्दल, म्हणजे हिग्ज बोसॉनबद्दल म्हणत असाल तर आज त्याचा रोजच्या जगण्यात काही उपयोग नाही, हे मी सरळ मान्य करतो. १९६४ मध्ये तो कागदावर मांडला गेला, ४ जुलै २०१२ ला सर्नने (स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवरची कणभौतिकीची प्रयोगशाळा, तो बोगदा तिचाच) सापडल्याचं जाहीर केलं, २०१३ मध्ये हिग्ज आणि आंग्लेर यांना नोबेल मिळालं, आणि त्यातून उद्या काही वस्तू निघेल असं वचन मी तरी देणार नाही. पण मेसेजमधलं वाक्य फक्त हिग्जपुरतं नाहीये, ते म्हणतं कणांचा अभ्यासच निरुपयोगी आहे, आणि ते साफ खोटं आहे. त्यासाठी स्वित्झर्लंडला जायला नको, खारघरला सेक्टर २२ मध्ये जा. तिथे टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र आहे आणि २०२३ पासून तिथे प्रोटॉन थेरपी चालू आहे. आता ही थेरपी म्हणजे काय तर कॅन्सरच्या गाठीवर एक्स-रे मारतो तेव्हा तो गाठीच्या आधीही आणि गाठीच्या पलीकडेही ऊर्जा सोडत जातो, म्हणजे चांगल्या भागालाही भाजतो, पण प्रोटॉनचं तसं नाही, तो आपली बरीचशी ऊर्जा अगदी शेवटी, एका ठराविक खोलीवर सोडतो आणि तिथेच थांबतो. ती खोली किती हे त्याचा वेग बदलून ठरवता येतं. लहान मुलाच्या मेंदूत गाठ असेल तर या फरकाची किंमत काय आहे हे त्याच्या आईबापाला विचारा.

कण शेवटी जास्त ऊर्जा सोडतो हे पहिल्यांदा कुणी पाहिलं? विल्यम ब्रॅगने, १९०४ च्या आसपास, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये, तेही रेडियममधून निघणाऱ्या अल्फा कणांवर, आणि त्याच्या डोक्यात कॅन्सर वगैरे काही नव्हतं. प्रोटॉनला वेग देणारं सायक्लोट्रॉन लॉरेन्सने कॅलिफोर्नियात १९३१ च्या सुमारास केलं, पहिलं तर हाताच्या पंजात मावेल एवढंच होतं. मग १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या कणभौतिकीवाल्याने लिहिलं की हे दोन्ही एकत्र आणून गाठी जाळता येतील. हाच विल्सन पुढे अमेरिकेतल्या फर्मीलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा पहिला डायरेक्टर झाला. म्हणजे आज खारघरमध्ये टेबलावर झोपवलेल्या पेशंटपर्यंत पोचायला या गोष्टीला शंभराच्या वर वर्षं लागली, आणि १९०४ मध्ये हा मेसेज कुणी फिरवला असता आणि लोकांनी ऐकलं असतं तर ती पोचलीच नसती.

पेट स्कॅन तर आता घराघरात माहीत झालाय. त्यात जो पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण उलट म्हणजे धन भाराचा कण) वापरतात तो आधी डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणातून निघाला आणि १९३२ मध्ये अँडरसनला अवकाशातून येणाऱ्या किरणांत सापडला. स्कॅनच्या आधी पेशंटला जे इंजेक्शन देतात त्यातलं फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉनमध्येच बनतं आणि साधारण ११० मिनिटांत ते निम्मं उरतं, त्यामुळे घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये ती गाडी अडकली तर खरंच औषध कमी होतं. वेब सर्नमध्ये जन्माला आलं हे सगळेच सांगतात, त्यावर मी वेळ घालवत नाही.

भारत नुसते पैसे भरतो, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण आमच्यासारख्या शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्यांचा तो अपमान आहे. त्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात १२३२ मोठे वळवणारे मॅग्नेट आहेत, एकेक १५ मीटर लांब आणि सुमारे ३५ टनांचा. कणांचा झोत भिंतीला न लागता फिरायचा तर हे मॅग्नेट मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशापर्यंत जागेवर बसवावे लागतात आणि नंतरही सरकवता यावे लागतात. ज्या जॅकवर हे सगळे मॅग्नेट उभे आहेत ते सात हजारांहून जास्त जॅक भारतातून गेलेत, इंदूरच्या राजा रामण्णा सेंटरच्या देखरेखीखाली आपल्या इथल्या कारखान्यांत बनून. मॅग्नेटमधल्या चुका सुधारणारे छोटे सुपरकंडक्टिंग मॅग्नेटही शेकड्यांनी इथून गेले. सीएमएस नावाचा जो प्रचंड डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारं यंत्र आहे, हिग्ज पकडणाऱ्या दोघांपैकी एक, त्याचे काही भाग मुंबईच्या टीआयएफआर आणि बीएआरसी (भाभा अणु संशोधन केंद्र) या संशोधन संस्थांच्या आणि पंजाब युनिव्हर्सिटीच्या लोकांनी बनवलेत. भारत २०१७ पासून सर्नचा असोसिएट मेंबर आहे, म्हणजे आपल्या कंपन्या तिथल्या कामांसाठी टेंडर भरू शकतात. ३५ टनांचा माल जागच्या जागी केसभर सरकवायचा म्हणजे काय हे ज्याने एकदा मशीन लेव्हल केलंय त्याला समजेल, हे चेक फाडून होत नाही.

कृष्णविवराचं पटकन सांगतो. १० सप्टेंबर २००८ ला त्या बोगद्यातलं मशीन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाही हीच भीती होती. पण अवकाशातून येणारे कण याहून कितीतरी जास्त ऊर्जेने पृथ्वीच्या वातावरणावर आदळतात, अब्जावधी वर्षं आदळतायत, चंद्रावर आदळतात, सूर्यावर आदळतात, आणि सगळे जागच्या जागी आहेत. मेसेजमध्ये सर्नमधल्या नटराजाच्या मूर्तीचा फोटो टाकून काहीतरी गूढ विधी चालतात असं सुचवलंय, तर ती मूर्ती भारत सरकारने २००४ मध्ये भेट दिलेली आहे. आपणच दिलेल्या भेटीवरून लोकांना घाबरवणं मला फार वाईट वाटतं.

आता रोबोट. इथे काकांची भीती खोटी नाही, मी स्वतः लाइनवर माणसं कमी होताना पाहिलीत, त्यामुळे नोकऱ्यांचा प्रश्न नाहीच असं मी म्हणणार नाही. पण मेसेजने दोन वेगळ्या गोष्टी एकात घातल्यात. माणूस काढून मशीन बसवायचं हा मालकाचा निर्णय असतो. माणसाला मध्ये ठेवून रोबोट कसा बनवायचा, त्याच्या शेजारी उभं राहून काम करताना त्याला इजा होऊ नये, त्याची कंबर जाऊ नये, हे शोधणं हे संशोधन आहे, आणि मेसेज बंद करायला सांगतोय ते नेमकं हेच. जुने रोबोट जाळीच्या पिंजऱ्यात असायचे कारण त्यांना माणूस समोर आला हे कळायचंच नाही. आताचे कोबॉट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारे रोबोट, हाताला धक्का लागला की थांबतात, आणि किती जोराचा धक्का शरीराच्या कुठल्या भागाला चालेल याची मर्यादा २०१६ च्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या नियमावलीत दिलीय, ती लोकांवर वेदनेच्या चाचण्या वगैरे करून काढलेल्या आकड्यांवर उभी आहे. असं काम कुणीतरी बसून केलं नसतं तर पिंजरा निघाला असता पण बोटं गेली असती.

आणि मेसेज म्हणतो पैसा नालेसफाईला द्या, तर मग गटारापासूनच बोलू. ठाण्यात सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरून माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, अशा सफाईवर बंदी घालणारा २०१३ चा कायदा असताना. केरळच्या तरुण इंजिनियर्सनी बॅण्डिकूट नावाचा रोबोट बनवला, २०१८ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये तो कामाला लागला. तो मॅनहोलमध्ये उतरतो, माणूस वर उभा राहून स्क्रीनवर बघत तो चालवतो, आणि आधी स्वतः गटारात उतरणाऱ्या काही कामगारांनाच तो चालवायचं ट्रेनिंग दिलं गेलं. त्यांची रोजीरोटी गेली नाही, आणि रोज मरणाच्या दारात उतरणं मात्र सुटलं. हे मला कुठल्याही सायन्सच्या बातमीपेक्षा मोठं वाटतं. नालेसफाई हवी असेल तर आपल्या महापालिकांकडे अशी मशिन्स मागूया, संशोधन बंद करून ती कुठून येणार?

जेलीवर पीएचडी. इथे लोक हसण्याचे इमोजी टाकतात म्हणून जरा थांबून सांगतो.

ज्याला सॉफ्ट मटेरियल म्हणतात त्यात जेल, रबर, फेस, पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचे पदार्थ), लिक्विड क्रिस्टल (द्रवासारखे वाहणारे, पण रेणू शिस्तीत लागलेले पदार्थ) असं सगळं येतं, बोटाने दाबलं की दबणारं. या विषयातल्या कामाबद्दल फ्रान्सच्या द जेनला १९९१ चं नोबेल मिळालंय. लिक्विड क्रिस्टल १८८८ मध्ये रायनित्झर नावाच्या माणसाला गाजरातून काढलेल्या एका पदार्थावर काम करताना दिसले, नंतर ऐंशीएक वर्षं त्याचं काही झालं नाही, मग १९६८ मध्ये अमेरिकेत त्याचा डिस्प्ले झाला. आपल्या बेंगळुरूच्या रामन इन्स्टिट्यूटमध्ये चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये लिक्विड क्रिस्टलचा एक नवाच प्रकार शोधला, चपट्या चकतीसारख्या रेणूंचा. डोळ्यात घालतो ती मऊ कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे पाणी धरून ठेवणारा जेल, चेकोस्लोव्हाकियाच्या विख्टर्लेने १९६१ मध्ये मुलांच्या खेळण्याच्या किटमधून मशीन जुळवून त्या बनवल्या. जयपूर फूट घ्या, १९६८ च्या आसपास डॉ. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबरातून असा पाय केला की माणूस अनवाणी चालेल, उकिडवा बसेल, शेतात जाईल. माणूस मध्यभागी ठेवणं याहून वेगळं काय असतं?

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते भाजलेल्या पेशंटचं. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, आपल्यापैकी किती जण तिथून रोज जातात. भाजल्यावर जखमेपेक्षा ड्रेसिंग बदलणं भयंकर असतं, कापसाची पट्टी चिकटते आणि ओढताना नवीन आलेली कातडी घेऊन निघते, ते ओरडणं ज्याने ऐकलंय तो विसरत नाही. बीएआरसीने यावर हायड्रोजेलचं ड्रेसिंग तयार केलंय. मुख्यतः पाणी आणि त्यात पॉलिमर, त्याच्यावर किरणांचा मारा केला की पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन त्याचा लवचिक तुकडा बनतो आणि त्याच माऱ्यात तो निर्जंतुकही होतो, वेगळं केमिकल घालावं लागत नाही. जखमेला चिकटत नाही, गारवा देतो, आणि पारदर्शक असल्यामुळे न काढता आतली जखम डॉक्टरांना दिसते. बघा आता, मेसेजमध्ये ज्या जेलीवर हसलोय ती आणि ज्या अभ्यासाचा उपयोग शून्य म्हटलाय त्यातली किरणं, दोन्ही एका भाजलेल्या माणसाच्या अंगावर एकत्र आलेत. हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत असतं तर त्याने ती ओळ लिहिली नसती असं मला मनापासून वाटतं.

वाशीला तर किरणांचा वापर आपण खातोही, मसाले निर्जंतुक करायचा प्लांट २००० पासून तिथे आहे, आणि अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला आधी किमान ४०० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किरणं द्यावी लागतात तेव्हाच तो तिथे उतरतो.

राहिला पैसा. सर्नचं वर्षाचं बजेट साधारण बारा ते चौदा हजार कोटी रुपयांच्या घरात आहे आणि ते वीसच्या वर देश मिळून भरतात, आपला वाटा त्यातला लहानसा. एकट्या मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर आहे. नाले सर्नमुळे तुंबत नाहीत. भारत संशोधनावर, म्हणजे सगळ्या विषयांवर सरकारी आणि खासगी मिळून, जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया पाचच्या आसपास. यातून काय कापायचं आणि कापून कुठलं हॉस्पिटल उभं राहायचं? उलट अ‍ॅक्ट्रेकसारखं हॉस्पिटल उभं राहिलं ते याच पैशातून.

मुलांना या फंदात पाडू नका, यावर एक मान्य करतो की पीएचडीच्या मुलांना २०२३ पासून महिना ३७ हजारांची फेलोशिप कागदावर असली तरी ती वेळेवर हातात पडत नाही अशी ओरड खरी आहे, आणि काका, राग काढायचाच असेल तर तो तिथे काढूया, मी तुमच्याबरोबर सही करतो. पण मुलांना अडवू नका. वाशीहून पूल ओलांडला की पुढचं स्टेशन मानखुर्द, तिथे होमी भाभा सेंटर आहे, विज्ञान ऑलिंपियाडसाठी देशभरातली मुलं निवडून तिथेच तयार करतात. आपल्या बिल्डिंगमधली दहावी-अकरावीतली ज्यांना फिजिक्स आवडतं अशी मुलं मला माहीत आहेत, तुम्हालाही माहीत आहेत. यंदाच्या परीक्षेचा फॉर्म निघाला की ग्रुपवर मी टाकतो, तो जरूर पुढे पाठवा.