"तिकडे खायचे फार हाल झाले" म्हणे!

परवा शेतात भरीत पार्टी होती. थंडी चांगली पडलेली, कपाशीच्या काड्यांचा जाळ केलेला, वांगी भाजून सोललेली आणि मी बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ती ठेचायला बसलेले. समोर आमचे धाकटे दीर. एका हातात कळण्याची पुरी, दुसऱ्या हाताने हवेत रेघा ओढत पुण्याच्या पाहुण्यांना ज्ञानवाटप चाललेलं. म्हणाले, "टर्कीला जा खुशाल. बघायला एक नंबर. पण खायचे फार हाल हो. त्या लोकांकडे खायला काही नाहीच."

माझा हात जागच्या जागी थांबला. खायला काही नाही? टर्कीत?

पाहुण्यांसमोर दिराला बोलायचं नाही, म्हणून सगळा राग त्या वांग्यांवर काढला. सगळे म्हणाले, आज भरीत काय झकास घोटलं गेलंय. घोटलं जाणारच! पण पोटातला राग काही गेला नाही, तो इथे ओकते.

मे महिन्यात आम्ही आठ जण इस्तंबूलला गेलो. मी, आमचे हे, दीर, जाऊबाई, पुतण्या, लेक, जावई आणि चार वर्षांची नात. टूर कंपनी घेतली नाही. का? तर "टूरवाले रोज पनीर खाऊ घालतात वहिनी, आपण आपलं जाऊ आणि तिथलं अस्सल खाऊ." ही घोषणा कोणाची? भाऊजींचीच! जळगावातल्या दिवाणखान्यात बसून, आमरस ओरपत केलेली.

आणि मग तिथे रोज संध्याकाळी काय व्हायचं ते ऐका. सात वाजले की आठही माणसं फुटपाथवर उभी. पाय दुखताहेत, नात रडतेय, जावई बिचारे भुकेने गप्प. आणि भाऊजी मोबाइलमध्ये डोकं घालून. "हे बघा, ४.८ आहे. नाही नाही, थांबा, हे ४.९ आहे." मग त्या ४.९ चे फोटो सगळ्यांना दाखवायचे. मग पुतण्या म्हणणार, तिथे जागा मिळणार नाही. मग लांब किती आहे ते बघायचं. मग रिव्ह्यू मोठ्याने वाचायचे, तेही इंग्रजीतलेच. म्हणजे कोण कुठला पर्यटक, आपल्यासारखाच परवा उतरलेला आणि उद्या निघालेला, तो सांगणार की टर्कीचं जेवण कसं असतं! एकदाही त्या माणसाने तुर्की भाषेतले रिव्ह्यू उघडून बघितले नाहीत. भाषांतराचं बटण तिथेच असतं हो. दाबायला पैसे पडत नाहीत.

पहिल्या रात्री तासभर असं चाललं, आणि शेवटी कुठे गेलो? सुलतानअहमेतच्या मैदानापासून दोन मिनिटांवर, जिथे एक माणूस दारात उभा राहून "इंडिया? शाहरुख खान! नमस्ते!" करत होता तिथे. शाहरुख खान म्हटलं की आमचे भाऊजी लोण्यासारखे वितळले. प्लास्टिकमध्ये घातलेलं जाड मेनूकार्ड, प्रत्येक पदार्थाचा फोटो, वर पाच-सहा देशांचे झेंडे. आता मला सांगा, जळगावात एखाद्या खानावळीच्या दारात कोणी असा हात धरून ओढायला लागला, तर आपण आत जाऊ का? पळ काढू! मग परदेशात गेल्यावर अक्कल सामानाबरोबर बेल्टवर टाकतो की काय आपण?

तिथे मातीच्या मडक्यातला कबाब मागवला. वेटर जाळ करत मडकं घेऊन आला, हातोडीने टणाटण वाजवलं, फोडलं. भाऊजींनी व्हिडिओ काढला. तो प्रकार मुळात इस्तंबूलचा नाहीच, कप्पादोकियाकडचा. तिथे आवानोस गावाला कुंभारकाम चालतं, त्यामुळे मडक्यातलं मटण तिकडे शोभतं. इथे तो नुसता तमाशा. आतलं मटण चामड्यासारखं. जाऊबाई माळकरी, त्यांच्या पुढ्यात आल्या बटाट्याच्या फ्राइज आणि कोरडा भात. न मागता आलेला पाव आणि चार चटण्या, त्या बिलात. बसायचे पैसेही बिलात. मी म्हटलं भाऊजी, हे विचारायला नको होतं का आधी? तर म्हणे, जाऊ द्या वहिनी, रोज थोडंच येतो.

दुसऱ्या रात्री पनीर बटर मसाला. तिसऱ्या रात्री पनीर बटर मसाला. चौथ्या रात्री बदल म्हणून पनीर टिक्का. साडेचार-पाच हजार किलोमीटर उडून जायचं आणि आपल्या हायवेवरच्या कुठल्याही ढाब्यात मिळतो तो लालभडक गोड रस्सा चौपट पैसे मोजून खायचा. वर "चव आपल्यासारखी नाही" म्हणून कुरकूर करायची!

जाऊबाईंचं कारण पुढे करायचे सारखे. "ती शाकाहारी आहे, तिचे हाल होतील." खोटं आहे हे. त्या देशात ऑलिव्हच्या तेलात शिजवून थंडच वाढायच्या भाज्यांचा एक अख्खा प्रकार आहे. घेवडा, वाल, आर्टिचोक, भरल्या मिरच्या, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. मसुराचं दाट सूप, मेर्जिमेक चोर्बासी, गल्लोगल्ली मिळतं. फक्त विचारून घ्यायचं, कारण कधी कधी मटणाच्या पाण्यात करतात. "एत्सिझ" म्हणजे बिनमांसाचं, एवढा एक शब्द पाठ केला की निम्मं काम झालं. ताक आहे, त्याला आयरान म्हणतात. आणि गोझलेमे! बायका बसून लांब बारीक लाटण्याने पातळ पोळी लाटतात, आत पालक नाहीतर चीज नाहीतर बटाटा, आणि मधे फुगीर अशा लोखंडी तव्यावर भाजतात. उपड्या खापरावर मांडे करणाऱ्या बायकांच्या घरातले आम्ही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्यांच्या घरी हातावर पुरणाची पोळी फिरवली जाते, ते त्या बाईसमोरून पाच वेळा गेले आणि पाचही वेळा म्हणाले, "इथे बसायला खुर्च्या नाहीत."

जाऊबाईंना विचारलं का कोणी? त्यांना ते खायचं होतं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "ताई, ती पोळी बघा ना, आपल्या मांड्यासारखी." नवऱ्यासमोर बोलल्या नाहीत, एवढंच.

आता खरा किस्सा.

पाचव्या दिवशी सकाळी हॉटेलच्या काउंटरवर एक पोरगा होता, विशी-बाविशीचा. लेकीच्या मोबाइलवर भाषांतर करून मी त्याला विचारलं. "इथलं चांगलं रेस्टॉरंट कोणतं" असं नाही हं. असं विचारलं की तो बिचारा आपल्याला पर्यटकांच्याच जागी पाठवतो, त्याला वाटतं आपल्याला तेच आवडतं. मी विचारलं, "तू दुपारी कुठे जेवतोस? तुझ्या घराजवळ?" पोराचा चेहरा खुलला. त्याने कागदावर नाव लिहिलं, रेघा मारून नकाशा काढला. काडिकॉयला, म्हणजे समुद्र ओलांडून पलीकडे, आशियाच्या बाजूला. एमिनोनूहून बोट, वीसेक मिनिटं. एस्नाफ लोकांतासी म्हणतात त्याला, म्हणजे दुकानदारांची, कारागिरांची खानावळ. सकाळी शिजवलेलं मोठ्या ट्रेमध्ये मांडून ठेवतात, आपण काचेपलीकडे बोट दाखवायचं, ताटात येतं. मेनू वाचायचीही गरज नाही! आणि त्याने तीन-तीनदा बजावलं: एकच्या आत जा, नंतर संपतं.

भाऊजींनी तो कागद घेतला, नाव मोबाइलमध्ये टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "४.१ आहे. रिव्ह्यू पण किती कमी. आणि फोटोत बघा, ट्यूबलाइट दिसतेय."

ट्यूबलाइट! या माणसाने जन्मभर ट्यूबलाइटखाली जेवण केलंय. शेवभाजी खायला दहा-दहा किलोमीटर गाडी काढून जातो ते ठिकाण काय झुंबराखाली आहे का? तिथल्या टेबलावर हात ठेवला तर कोपर चिकटतं, पण तिथे चव आहे म्हणून जातो ना आपण? मग त्याच चवीला समुद्र ओलांडला की ट्यूबलाइट का नडते?

चर्चा झाली. मत घेतलं. आधी राजवाडा बघायचा ठरलं. मग फोटो. मग आइस्क्रीमवाल्याने कोन हिसकावून घेण्याचा खेळ केला त्याचा व्हिडिओ. काडिकॉयला पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते.

ट्रे धुऊन पालथे घातलेले. खुर्च्या टेबलांवर चढवलेल्या. मालकीणबाई, माझ्याच वयाच्या असतील, डोक्याला रुमाल, हात ओले. आमच्याकडे आठ जणांकडे बघितलं, मग नातीकडे बघितलं, आणि आत गेल्या. एक बशी घेऊन आल्या. एका बशीत जेवढं उरलं होतं तेवढं. पांढरट, थोडं हिरवट, वरून तेलाची धार, बाजूला पावाचे दोन तुकडे.

मी बोटानेच घेतलं. आणि माय, ते भरीत होतं!

खोटं नाही सांगत. निखाऱ्यावर अख्खं भाजलेलं वांगं, साल काढून ठेचलेलं, लसूण, लिंबू, मीठ. पातलजान सालातासी. धूर असा बसलेला त्यात, की मला आमच्या शेताचा बांध दिसला. मिरची नाही, शेंगदाणे नाहीत, कांद्याची पात नाही, पण तो जळक्या सालीचा वास तोच. मी नुसतीच बघत राहिले. जाऊबाईंनी चाखलं आणि हळूच म्हणाल्या, "हिरवी मिरची घातली की झालं." आमच्या वाट्याला दोन-दोन घास आले. त्या बाईने पैसे घेतले नाहीत. मग मागे हात करून रिकाम्या ट्रेकडे दाखवत काहीतरी म्हणाली. लेकीने मोबाइल पुढे केला, तर उत्तर आलं: दुपारी पोट फाडून भरलेलं वांगंही होतं, सगळं संपलं. ते म्हणजे इमाम बायिल्दी. इमाम बेशुद्ध पडला, असा त्याचा अर्थ. तो पडला असेल चवीने, मी पडले असते संतापाने.

कारण मागे भाऊजींचं चाललं होतं: "चला, जवळच एक बर्गरचं आहे, ४.६."

वांगं मूळ आपल्याकडचं. इथून इराण, अरबस्तान करत करत तिकडे पोचलं आणि त्यांनी त्याचे इतके प्रकार केले की मोजता येऊ नयेत. भाजलेलं, तळलेलं, भरलेलं, सुकवून माळेत ओवलेलं. आणि वांग्याच्या गावची आम्ही माणसं आठ दिवस पनीर खाऊन परत आलो! कोणाला सांगायचं हे?

मला जास्त चीड कशाची येते सांगू? हाच माणूस आपल्या मातीत उभा राहिला की किती शहाणा असतो! परवा त्या पुण्याच्या पाहुण्यांना काय झापत होता. ते येताना हायवेवर बैलगाडीचा पुतळा लावलेल्या हॉटेलात 'स्पेशल खान्देशी थाळी' खाऊन आले होते. भाऊजी म्हणाले, "अहो, भरितात टोमॅटो होता ना? जांभळं वांगं होतं ना? ते भरीत नाही हो, ते पाप आहे." मग व्याख्यान. हिरवं वांगंच लागतं, बामणोदचं घ्या, बिया कमी असतात. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. थंडीतच खायचं. गॅसवर भाजलं तर धूर लागत नाही. हॉटेलात शोधायचंच नाही, कोणाच्या तरी शेतात जायचं, ओळख काढायची, आणि "रेटिंग-बिटिंग काही बघू नका, इथल्या माणसाला विचारा."

इथल्या माणसाला विचारा! हे शब्द त्यांच्याच तोंडचे. मी बडजीवरून मान वर करून बघितलं. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. लगेच पुढचं वाक्य टर्कीत खायला काही नाही हे.

जे आपल्या वांग्याला लागू, ते त्यांच्या वांग्याला लागू नाही का? त्यांचाही मोसम असतो, त्यांचीही वेळ असते, त्यांच्याही चौकात बैलगाडीचा पुतळा असतो. तिकडे तो मडकं फोडतो, एवढाच फरक. आणि पहिल्या रात्रीच तासभर फुटपाथवर उभं राहण्याऐवजी देवळाच्या, मशिदीच्या, राजवाड्याच्या सावलीतून दहा मिनिटं चालत बाहेर गेलं असतं, जिथे बँकेतली पोरं आणि दुकानातले कामगार जेवतात तिथे काचेपुढे बोट दाखवलं असतं, तर काय बिघडलं असतं? फार तर एक पदार्थ आवडला नसता. तीन रात्री पनीर कुठे आवडलं होतं?

आमचे हे म्हणतात, सोड आता, झालं गेलं. यांचं काय जातंय! यांनी सोबत नेलेले मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी आठवडाभर पुरवली. मीच बांधून दिली होती.

आता काल रात्री घरच्या ग्रुपवर नवीन बातमी. पुढच्या वर्षी व्हिएतनाम. भाऊजींनी खाली यादीच टाकली आहे: हनोईतली दहा उत्तम इंडियन रेस्टॉरंट, स्टारसकट. मी लेकीला रात्रीच फोन करून बघायला लावलं. तिकडे शाकाहारी जेवणाच्या दुकानावर 'चाय' असं लिहिलेलं असतं, चहाशी काही संबंध नाही. बुद्धाला मानणारे पुष्कळ लोक त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तेच खातात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमा धरून गेलं तर जाऊबाईंची चंगळ. हे सगळं शोधायला तिला दहा मिनिटं लागली.

मी ग्रुपवर ते काही टाकलं नाही. एवढंच विचारलं: "भाऊजी, या दहांपैकी भरितात टोमॅटो कोण घालतं?"

निळ्या टिका सकाळीच आल्यात. आता दुपारचे तीन वाजलेत.