डम्बोतले कावळे आणि बिनचेहऱ्याचे मजूर

जुन्या ॲनिमेशनपटांतल्या वंशभेदाविषयी काही लिहिले की ‘अहो, ती प्राण्यांची गोष्ट आहे, तिथे कसला आला काळा-गोरा’ असे कोणीतरी हमखास सुनावते. तोंडी सांगितलेल्या गोष्टीपुरते हे एक वेळ मान्य करता येईल. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे मेणाचे, असे आजी सांगते तेव्हा काऊ कोणत्या बोलीत बोलतो आणि अंगात काय घालतो, हे ऐकणाऱ्यावर सोडलेले असते. (त्या शेणामेणाच्या वाटणीतही पुष्कळ काही दडलेले आहे, पण तो विषय वेगळा.) पडद्यावरच्या प्राण्याला मात्र आवाज, उच्चार, टोपी आणि चाल द्यावीच लागते, आणि ती कोणाची उचलायची हे माणसेच ठरवतात.

सर्कशीतल्या हत्तीच्या पिल्लाची गोष्ट सांगणाऱ्या, डिस्नेच्या १९४१ सालच्या ‘डम्बो’तील कावळ्यांवरून बराच वाद झालेला आहे. त्यांची बोली आणि नाचण्याची ढब उघडच कृष्णवर्णीय अमेरिकनांची आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांना हॉल जॉन्सन यांच्या वृंदातील कृष्णवर्णीय गायकांचे आवाज आहेत. म्होरक्याला मात्र क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या गायकाचा. निर्मितीच्या कागदपत्रांत या म्होरक्याचे नाव ‘जिम क्रो’ असे होते. गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करीत, त्या खेळांतले हे पात्र. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वांशिक विलगतेच्या कायद्यांनाही पुढे तेच नाव पडले, आणि ‘डम्बो’ पडद्यावर आला तेव्हा ते कायदे लागू होते. एवढे असूनही हे कावळे मला आवडतात, हे कबूल केले पाहिजे. आधी ते टिंगल करतात, पण डम्बोची हकिगत कळल्यावर डोळे पुसतात आणि त्याला उडण्याचा धीर देणारे पीसही देतात. आई आणि टिमथी उंदीर सोडले तर त्या पोराची बाजू घेणारे तेच.

माझी खरी तक्रार आहे ती ज्या दृश्याची चर्चा कावळ्यांच्या मानाने फारच कमी होते त्याबद्दल. रात्री, भर पावसात सर्कशीचा तंबू उभारला जात असतो. याच चित्रपटात हत्तिणींना कुजबुजताना मुरडणारी तोंडे आहेत, टिमथीला लाल डगला आणि टोपी आहे, करकोच्यालासुद्धा स्वतःचा असा स्वभाव आहे. पण मेखा ठोकणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांना नाक-डोळेच काढलेले नाहीत. आपल्याला लिहिता-वाचता येत नाही आणि मिळालेली मजुरी आपण उधळून टाकतो, असे गाणे तेवढे त्यांच्या तोंडी आहे, तेही मजेत म्हटल्यासारखे. जिथे उंदराच्या चेहऱ्यावर इतकी मेहनत घेतली जाते, तिथे माणसाचा चेहरा कोरा राहणे ही नजरचूक असेल, असे मला वाटत नाही.

या बाबतीत ‘तीन छोटी डुकरे’ हा डिस्नेचाच १९३३ सालचा लघुपट अधिक उघडा होता. त्यात लांडगा विटांच्या घराचे दार ठोठावतो तो ज्यू फेरीवाल्याच्या सोंगात: मोठे नाक, दाढी, लांब डगला आणि यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) वळणाचे उच्चार. हिटलर त्याच वर्षीच्या जानेवारीत चॅन्सेलर झाला होता आणि हा लघुपट मे महिन्यात आला. त्याला ऑस्कर मिळाले, त्यातले गाणे मंदीने गांजलेल्या अमेरिकेत घरोघरी पोचले. १९४८ च्या पुनःप्रदर्शनासाठी मात्र ते सोंग बदलून दृश्य नव्याने काढण्यात आले.

असे गुपचूप पुसून टाकण्यापेक्षा डिस्नेने २०२० मध्ये आपल्या ‘डिस्ने प्लस’ या स्ट्रीमिंग सेवेवर ‘डम्बो’ आणि इतर काही चित्रपटांच्या आरंभी, असे चित्रण चुकीचे होते आणि आहे, अशी जी स्पष्ट सूचना घातली, ती मला जास्त प्रामाणिक वाटते. अशा सूचनेमुळे चित्र जसे काढले गेले तसेच समोर राहते. लांडग्याचे ते दार ठोठावणे आज फक्त बदललेल्या प्रतीत पाहणाऱ्याला मात्र १९३३ चा प्रेक्षक तिथे नेमका कशाला हसला होता, हे कळायला काही मार्गच उरत नाही.